पहिली डोंगरवाट : नाणेघाट



डोंगरांत पायीं हिंडण्याची हौस आपल्या तरुण मंडळींत अलीकडे पुष्कळ वाढली आहे, आणि ती इष्टच आहे. सुट्टीच्या दिवशीं पाठीवर पिशव्या बांधलेल्या मुलामुलींचे घोळके कल्याण, कर्जत, लोणावळें अशा स्टेशनांवर भल्या पहाटे उतरतांना दिसतात. या हौसेला ट्रेक हा इंग्रजी शब्द चिकटला आहे. तो आतां घरोघरीं पोंचला असल्यानें मीहि त्याच्याशीं भांडत नाहीं. परंतु पहिल्यानेंच निघालेला मनुष्य कोठें जातो हें पाहिलें, तर तो बहुधा एखाद्या किल्ल्यावर जातो, अर्ध्या चढावर दमतो, आणि पुन्हां डोंगराचें नांव काढावयाचें नाहीं असा निश्चय करून घरीं येतो. यांत त्याच्या पायांचा दोष थोडा, स्थळाच्या निवडीचा अधिक. ज्याला डोंगराची संवय नाहीं त्यानें पहिल्या खेपेस किल्ल्याची वाट न धरतां घाटाची वाट धरावी, आणि घाटांतहि नाणेघाटाची धरावी, असें माझें मत आहे. त्या मताचीं कारणें बव्हंशीं इतिहासांतलीं आहेत, म्हणूनच तीं आज आपणांपुढें मांडीत आहें.

किल्ला कशासाठीं बांधीत? नको असलेल्या माणसाला वर येतां येऊं नये म्हणून. त्याची वाट मुद्दामच अरुंद ठेवलेली, चढ छातीवर येणारा, दरवाजा दोन बुरुजांच्या आड दडविलेला. त्यांत आणखी भर इंग्रजांनीं घातली. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां जुन्नरच्या आसपासचे किल्ले त्यांच्या हातीं गेले, आणि पुन्हां कोणी तेथें ठाणें मांडून बसूं नये म्हणून कित्येक किल्ल्यांच्या वाटा व पायऱ्या त्यांनीं सुरुंग लावून उडविल्या. नाणेघाटाच्या माथ्याशेजारींच जीवधन उभा आहे. त्याच्या मोडक्या वाटेवर आजहि नवख्या माणसाचे पाय लटपटतात. घाटाचा हेतु नेमका उलटा. लादलेला बैल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकीत चाललेला म्हातारा यात्रेकरू, या सर्वांना ओझ्यासकट सुखरूप वर न्यावयाचें, हें घाट बांधणाराचें काम. म्हणून त्याचा चढ सोसवेल असा असतो, तहान लागावी तेथें पाण्याचें टाकें असतें, आणि दम घ्यावासा वाटावा तेथें टेकावयास जागा असते. आपल्या एका दिवसाच्या सफरीची आंखणी दोन हजार वर्षांपूर्वींच कोणी तरी करून ठेविली आहे. आपण ती जाग्यावर जाऊन वाचावयाची, इतकेंच.

आतां हा घाट तेथें कां झाला तें पाहूं. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोंकणपट्टी, पूर्वेस देश. कोंकणांत बंदरें, देशावर पेठा. सोपारें, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, पैठण, तेर या नगरांत जावयाचा, आणि तिकडचें कापड व इतर जिन्नस बंदरावर यावयाचे. मध्यें हा काळ्या दगडाचा तट. त्याला जेथें खिंड सांपडली तेथें मनुष्यानें वाट काढली, आणि कल्याणहून जुन्नरला जाणाऱ्या माणसाची सरळ वाट म्हणजे हीच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या कोणा दर्यावर्दी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही तयार केली. ती पेरिप्लस या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत कल्याणचें नांव आहे, आणि त्याजबरोबर एक तक्रारहि आहे. थोरल्या सरगनस राजाच्या काळीं हें बंदर रीतसर बाजारपेठ होतें. पुढें तें सांदनेस नांवाच्या राजाच्या हातीं गेल्यावर तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि एखादें ग्रीक गलबत तेथें शिरलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलें, असें तो लिहितो. हा सरगनस म्हणजे सातवाहनांपैकीं कोणी सातकर्णी, असें बहुतेक विद्वान् मानतात. बंदराचें तोंड असें बांधलें गेलें म्हणजे डोंगरावरच्या बैलांच्या रांगेचें काय होत असेल, याची कल्पना करावी. जुन्नरहि या झगड्यांतून सुटलें नाहीं. तेथील मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, म्हणजे घाटाच्या वरचें हें टोंक कांहीं काळ सातवाहनांच्या हातून गेलें होतें. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पाडाव केला. आपण ज्या वाटेनें सहलीला म्हणून जाणार, ती एवढ्या मोलाची होती.

सफरीचा काळ दिवाळीनंतरचा, माघ महिना संपेपर्यंतचा. पावसाळ्यांत या घाटाच्या माथ्यावर फार गर्दी लोटते. कोंकणांतून वर चढणारा वारा कड्यावरून पडणारें पाणी उलटें वर उधळतो, तें पाहावयास लोक येतात. तें दृश्य मनोहर असतें हें खरें. परंतु खालून चढून येणाऱ्या नवख्या माणसाला आषाढ-श्रावणांत दगड निसरडे, ओढे भरलेले, आणि धुकें इतकें दाट असतें कीं पुढच्या माणसाची पाठ दिसेनाशी होते. उन्हाळ्यांत याच वाटेवर घशाला कोरड पडते. थंडींत दोन्ही संकटें टळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. घाटाचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळीं सूर्य डोंगराच्या मागें असतो, त्यामुळें चढणाराला पहिले कांहीं तास डोंगराचीच सावली मिळते. दुपार कलली कीं तेंच ऊन समोरून सबंध अंगावर येतें. तेव्हां उजाडतां उजाडतां पायथ्याशीं असणें, हा या सफरीचा सर्वांत महत्त्वाचा नियम समजावा. जो दहा वाजतां चालूं लागला त्यानें निम्मी सफर गमावली. कल्याणहून मुरबाड, टोकावडें यांवरून माळशेज घाटाकडे जाणारा हमरस्ता आहे, व त्या रस्त्यानें एस. टी. च्या गाड्या जातात. वैशाखरें हें पायथ्याचें गांव. आदल्या दिवशीं सायंकाळीं तेथें पोंचून गांवांतच राहण्याची व्यवस्था करितां आली तर फार उत्तम.

गांवांत राहावें असें म्हणण्याला आणखीहि कारण आहे. हमरस्ता सोडून जंगलांत शिरल्यावर वाटा फुटूं लागतात. एक गुरांची, एक मोळीवाल्यांची, एक ओढ्यावर पाणी भरावयास जाणारांची. आणि नवख्याला त्या सर्व सारख्याच दिसतात. त्यांतून घाटाची वाट ओळखण्याची खूण म्हणजे पावलांनीं आणि खुरांनीं घासून गुळगुळीत झालेले दगड. पण ही खूण दाखविण्यास प्रथम जाणता माणूस बरोबर असावा लागतो. या पट्ट्यांतले ठाकर, कातकरी, महादेव कोळी हे या डोंगराचे खरे जाणकार. त्यांच्यांतला एखादा वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी आधीं बोलून ठरवावी व ती घासाघीस न करतां द्यावी. शहरांतले कांहीं लोक गांवांतल्या मुलांना पाहून गोळ्या-चॉकोलेटें उधळतात. तें मला मुळींच आवडत नाहीं. मूल कोणाचें, घर कोणाचें, याची विचारपूस करावी, पाणी मागून प्यावें, म्हाताऱ्या माणसापाशीं घटकाभर बसावें. गांवाचा मान त्यांत राहतो.

सामान थोडें असावें. दोन-तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गुळाचा खडा, डोक्याला टोपी किंवा रुमाल, हातीं एक काठी, एक विजेरी, आणि तळव्याला खांचा असलेले जुने, पायाला बसलेले बूट. नवे बूट कधींहि नकोत. वाटेवर व माथ्यावर खडकांत खोदलेलीं टाकीं आहेत हें मघां सांगितलें, परंतु त्यांचें पाणी आज पिण्याजोगें असेलच असा भरंवसा धरूं नये.

रस्ता सोडल्यापासून माथ्यापर्यंतचें अंतर चार-पांच किलोमीटरांच्या आंत-बाहेर असेल, आणि नवख्याला अडीच-तीन तास पुरतात. पहिला भाग सपाटीचा आणि झाडीचा. साग, ऐन, पळस, कांटेसांवर, मध्येंच करवंदीच्या जाळ्या. थंडीच्या अखेरीस पळस आणि सांवर फुलतात तेव्हां पानें गळालेल्या जंगलांत लाल-केशरी फुलें लांबून दिसतात. झाडांच्या फटींतून समोर एक उंच कडा वर आलेला दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. कडा तसा आंगठ्यासारखाच आहे, आणि वाटसरूला तो खुणेचा दगड झालेला आहे. या झाडींतून एके काळीं लमाणांचे व वंजाऱ्यांचे तांडे चालत. वर जातांना कोंकणचें मीठ, खालीं येतांना देशावरचें धान्य, हा त्यांचा नेहमींचा माल. इतिहासाचीं पुस्तकें लढायांनीं भरलेलीं असतात, पण देशावरच्या घरांतली आमटी आळणी राहिली नाहीं ती या बैलांच्या पाठीमुळें. मुलांना हें सांगत चालावें. त्यांना चढ जाणवत नाहीं.

पुढें चढ लागतो. कांहीं ठिकाणीं दगड बसविलेले, कांहीं ठिकाणीं खडकच फोडलेला. घाईनें चढूं नये. बोलतां बोलतां दम लागला तर चाल कमी करावी, एवढें पथ्य पुरें आहे. शेवटीं खिंड अगदीं चिंचोळी होते, आणि तिच्या तोंडाशीं कोंकणाकडे पाहणारें तें सुप्रसिद्ध लेणें लागतें. समुद्रसपाटीपासून येथें आपण पावणेतीन हजार फुटांच्या जवळपास असतों.

लेणें म्हणजे खडकांत खोदलेली एक प्रशस्त चौकोनी खोली. आंत भिंतींच्या कडेनें बसावयास दगडी ओटा आहे. येथें देव नाहीं, बुद्धाचा स्तूप नाहीं. वाटसरूनें ओझें उतरून बसावें अशीच ही जागा दिसते. पण मागच्या भिंतीवर एके काळीं एका राजघराण्यांतल्या माणसांच्या मूर्तींची रांग होती. मूर्ति आतां गेल्या, त्यांच्यावर कोरलेलीं नांवें मात्र राहिलीं : सातवाहन कुळाचा संस्थापक सिमुक, राजा सातकर्णी व देवी नागनिका, एक महारठी, आणि कांहीं राजकुमार. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत, प्राकृत भाषेंत मोठा लेख आहे. तो इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतला असावा असें सामान्यतः मानतात; कोणी त्याला आणखी मागें नेतात.

हा लेख नागनिका राणीचा, असें बहुतेक अभ्यासक मानतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण व वासुदेव, चंद्र व सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन आहे. नंतर केलेल्या यज्ञांची यादी आहे. त्यांत अश्वमेध आहे, राजसूय आहे. आणि प्रत्येक यज्ञापुढें दक्षिणेचा आंकडा : कोठें १७०० गाई व १० हत्ती, कोठें २४,४०० कार्षापण. ज्या राणीचा पति वारला होता आणि जिचे पुत्र लहान होते असें समजतात, तिनें आपल्या घराण्याचा थोरपणा कोरण्यासाठीं राजवाडा निवडला नाहीं, देऊळ निवडलें नाहीं. ज्या वाटेवरून मिठाचे आणि कापडाचे बैल जात ती खिंड निवडली. कां निवडली? माझ्या समजुतीप्रमाणें उत्तर सरळ आहे. राज्य कोणाचें, हें ज्यांना कळणें जरूर होतें तीं माणसें तेथून जात होतीं. अंबारींतला सरदार आणि पायीं चालणारा व्यापारी, दोघांनाहि त्या खिंडींतून जावेंच लागे. वर्तमानपत्र नसलेल्या काळांत याहून मोठी जाहिरात ती कोणती असणार!

या लेखांतले आंकडे गणिताच्या शिक्षकांनीं अवश्य पाहावे. आपल्या अंकांच्या पूर्वजांतले हे फार जुने होत. येथें शून्य नाहीं आणि स्थानाप्रमाणें किंमतहि नाहीं. १७०० लिहावयाचे तर हजाराचें एक चिन्ह, पुढें सातशेंचें एक जोडचिन्ह. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या अंकांचा बारकाईनें अभ्यास केला. हें लेणें प्रथम विद्वानांच्या नजरेस आणलें तें कर्नल साइक्स यांनीं. ते १८२८ सालच्या उन्हाळ्यांत डोंगर हिंडतांना येथें आले. तेव्हां हीं अक्षरें वाचणारा कोणी नव्हता. ब्राह्मीचें कोडें जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ च्या सुमारास सोडविलें, आणि नाणेघाटच्या लेखाचें व्यवस्थित वाचन ब्यूलर यांनीं १८८३ सालीं छापलें. पुढें महामहोपाध्याय मिराशी यांनीं सातवाहनांचे लेख मराठींत आणले. निघण्यापूर्वीं ग्रंथालयांत जाऊन तें पुस्तक चाळावें, म्हणजे भिंतीपुढें उभें राहिल्यावर रेघोट्या न दिसतां अक्षरें दिसूं लागतील.

लेण्याच्या वर, खिंडीच्या तोंडाशीं, दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, म्हणून घाटाला नाणेघाट म्हणतात, असें सर्वजण सांगतात, आणि वाटाड्याहि तेंच सांगेल. कथा गोड आहे. जकात तेथें घेत असतील यांत मला संशय नाहीं, कारण एवढ्या चिंचोळ्या खिंडींतून जाणारा माल कोणताहि राजा फुकट सोडणार नाहीं. परंतु लेखाचा जो भाग वाचला गेला आहे त्यांत यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, जकातीचा उल्लेख नाहीं. आणि रांजणावर तो कशासाठीं आहे हें लिहिलेलें नाहीं. जवळच नानाचा अंगठा आहे, घाटाला नानाघाट असेंहि म्हणतात, तेव्हां नांवाचा उगम नाण्यांतच शोधावयास पाहिजे असें नाहीं. मुलांना सांगतांना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या : हें दगडावर लिहिलें आहे, आणि हें लोक सांगतात. दोहोंचीहि गंमत घ्यावी, पण मिसळ करूं नये.

या वाटेची सद्दी कशी संपली तेंहि सांगितलें पाहिजे. १८३० सालीं बोरघाटांत गाडीरस्ता झाला. पुढें १८६३ त बोरघाटांतून आणि १८६५ त थळघाटांतून आगगाडी वर चढली, आणि बैलाच्या पाठीवरचा माल डब्यांत गेला. आज माळशेजच्या रस्त्यानें मालमोटारी धांवतात. जुन्नरकडून एक मोटाररस्ता थेट नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत येतो, त्यामुळें बहुतेक लोक वरूनच येतात, गाडींतून उतरतात, रांजणाशीं फोटो काढतात, दहा मिनिटांत लेण्यांत डोकावून परत फिरतात. त्यांना कोणी दोष देऊं नये, वृद्धांना तर ती सोयच आहे. पण खालची वाट पावलांवर जगते. पावसाळ्यांत दगड सरकतात, रान वाढतें. चार-दोन वर्षें कोणी चाललें नाहीं तर फरसबंदी मातीखालीं जाते. लेणें पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, वाटेला असें कवच नाहीं.

लेण्याचीहि स्थिति पाहून जीव तुटतो. दगडांतून पाणी झिरपतें, अक्षरें झिजतात, हें निसर्गाचें काम. पण भिंतींवर खिळ्यानें आपलीं नांवें खरडणारे हात माणसाचे आहेत. अक्षरांना हात लावूं नये, नीट दिसावीं म्हणून खडू फांसूं नये किंवा पाणी मारूं नये. विजेरी भिंतीला समांतर धरली म्हणजे तीं पुरेशीं दिसतात. घोळक्यांतल्या एका मोठ्या माणसानें दाराशीं बसावें आणि मुलांना चार-चारच्या टोळ्यांनीं आंत सोडावें. शाळेच्या सहलींत ही व्यवस्था मीं पुष्कळदां केली आहे व ती चालते.

माथ्यावर भाकरी खाऊन झाली कीं दोन वाटा आहेत. ज्याला त्याच दिवशीं मुंबईकडे परतावयाचें आहे त्यानें दुपारीं दोनच्या आंत उतरूं लागावें. उतरतांना गुडघ्यांवर ताण येतो आणि सायंकाळीं झाडींत लवकर काळोख पडतो. जीवधनावर याच खेपेंत जाण्याचा मोह होईल, तो आवरावा. दुसरी वाट पुढची. खिंड ओलांडून थोडें चाललें कीं सपाटीवर घाटघर लागतें. इकडच्या महादेव कोळ्यांच्या संसाराला हिरड्याचा मोठा आधार आहे. मोसमांत अंगणोअंगणीं हिरडा वाळत घातलेला दिसतो. घाटघराहून जुन्नर तीस-पस्तीस किलोमीटर, तेथें मुक्काम करावा, आणि दुसरे दिवशीं लेण्याद्री, मानमोडी, तुळजा यांपैकीं होतील तितकीं लेणीं पाहावीं. नागनिकेच्या लेखांत जे भेटत नाहींत ते लोक तेथें भेटतात. कांसाऱ्यांची श्रेणी, बुरुडांची श्रेणी, दान देणारे तीन यवन. आणि एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व एक पाण्याचें टाकें दिल्याची नोंद आहे.